उरलंसुरलं रुळांना

२०१७ सालच्या सप्टेंबर महिन्याचा दाखला रेल्वेवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण देतो. १४ तारखेला साबरमतीला मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं भूमिपूजन झालं, जपानचे पंतप्रधान शिंझो आबे समारंभाला हजर होते. २९ तारखेला सकाळी मुंबईत पावसाची जोरदार सर आली आणि एल्फिन्स्टन रोड व परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. मध्ये पंधरवडाभराचंच अंतर होतं. एका बाजूला १ लाख ८ हजार कोटींचा प्रकल्प आणि दुसऱ्या बाजूला काही कोटींचा नवा पूल, जो आधीच मंजूर होता आणि तरी उभा राहिला नव्हता. ‘बुलेट ट्रेन कसली आणताय, आधी पूल बांधा’ असं त्या आठवड्यात जो तो म्हणत होता.

राग रास्त होता, पण युक्तिवाद कच्चा होता. बुलेट ट्रेनसाठी जपानने देऊ केलेलं कर्ज ०.१ टक्के व्याजाचं आणि ५० वर्षांत फेडायचं होतं. ते त्याच कामासाठी मिळणार होतं, त्यातले बारा कोटी काढून परळला वळवण्याची सोय नव्हती. आणि हजारो कोटींची उलाढाल करणारी रेल्वे एका पादचारी पुलाच्या पैशांवाचून अडली, हेही कुणाला पटणार नाही. दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण केलं गेलं आणि २०१८च्या फेब्रुवारी अखेरीस त्याच ठिकाणी नवा पूल खुला झाला. पोलाद, पैसा, कसब, सगळं देशात होतं. पाच महिन्यांत जे होऊ शकलं ते त्याआधी का झालं नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि ‘बुलेट ट्रेन की लोकल’ या वादात तो हरवतो.

माझं म्हणणं असं की रेल्वेत नव्या कामाला हक्काचा पैसा, हक्काचा वेळ आणि हक्काचा मान मिळतो. जुन्याची निगा राखण्याच्या, छोट्या आणि बिनउद्घाटनाच्या कामाला या तिन्हींतलं उरलंसुरलं मिळतं. याला एखादा मंत्री किंवा एखादा पक्ष जबाबदार आहे असं मानणं सोयीचं असलं तरी चूक आहे. रेल्वेच्या हिशेबाची वही आणि गाड्यांचं वेळापत्रक, दोन्ही अशा रीतीने आखलेली आहेत की प्रामाणिक आणि हुशार अधिकारीसुद्धा दुरुस्ती पुढे ढकलण्याचाच निर्णय घेईल. माणसं बदलून हे सुटणार नाही, आखणी बदलावी लागेल.

आधी वही उघडू. रेल्वेची तब्येत सांगायला दरवर्षी एक आकडा पुढे केला जातो, तो म्हणजे ऑपरेटिंग रेशो. शंभर रुपये मिळवायला किती रुपये खर्ची पडले, ते हा आकडा सांगतो. तो ९८च्या आसपास रेंगाळतो आणि शंभरच्या आत राहिला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. या खर्चात पगार, पेन्शन, वीज, डिझेल येतं, तसाच घसाराही येतो. रूळ, पूल, सिग्नल, डबे दरवर्षी थोडे थोडे झिजतात. त्यांचं आयुष्य संपेल तेव्हा ते बदलता यावेत म्हणून कमाईतून दरसाल काही रक्कम घसारा राखीव निधीत टाकायची असते. पगार अडवता येत नाही, पेन्शन अडवता येत नाही, विजेचं बिल थकवता येत नाही. भाडं वाढवायला सहसा कुठलंच सरकार धजत नाही. अशा वेळी रेशो शंभरच्या आत बसवायचा तर हात कुठे जाणार? घसाऱ्याकडेच. तिथे कपात केली तर त्या वर्षी काहीच बिघडत नाही. रूळ दुसऱ्या दिवशी तुटत नाही, कुणी मोर्चा काढत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही.

म्हणूनच २०१४-१५ मध्ये साडेसात हजार कोटींच्या वर असलेली या निधीतली भर २०१८-१९पासून काही शे कोटींवर आली. बदलण्याची वेळ उलटून गेलेल्या आणि या निधीतून बदलायच्या राहिलेल्या मालमत्तेची किंमत २०२०-२१ पर्यंत सुमारे ९५ हजार कोटी झाली होती, असं कॅगच्या अहवालातून दिसतं. खुद्द रेशोही कसा बसवला जातो, तेही कॅगनेच उघड केलं. २०१७-१८चा रेशो ९८.४४ दाखवला गेला. एनटीपीसी आणि इरकॉनकडून भविष्यातल्या व्यवहारांपोटी आगाऊ घेतलेले पैसे वगळले तर तो १०२.६६ निघतो. शंभर रुपये मिळवण्यासाठी एकशे दोन रुपये खर्च करणारा कारभार शंभरच्या आत दाखवण्यासाठी उद्याचे पैसे आज घेतले गेले, आणि उद्याच्या रुळांचे पैसे आज बाजूला ठेवले गेले नाहीत.

नव्या मार्गाचा, नव्या स्थानकाचा खर्च मात्र भांडवली खात्यात जातो. त्यातला मोठा वाटा केंद्राच्या अर्थसंकल्पातून येतो. २०१७ला रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प मोडीत निघाला, त्याबरोबर या भांडवलावर सरकारला लाभांश देण्याचं बंधनही गेलं. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षी अर्थसंकल्पात रेल्वेचा भांडवली खर्च २ लाख ५२ हजार कोटींचा ठरला. या पैशाने रेशोला धक्का लागत नाही. एखाद्या विभागाच्या प्रमुखाच्या जागी स्वतःला बसवून पाहा. नवं बांधलं तर पैसे दिल्लीहून येतात, कौतुक होतं आणि ताळेबंद बिघडत नाही. जुनं बदललं तर पैसे स्वतःच्या कमाईतून जातात, कौतुक शून्य आणि रेशो बिघडतो. हे पाहूनही कुणी जुनं बदलण्याचा आग्रह धरला तर तो नियमाला अपवाद समजायचा.

रेल्वे मंत्रालयाचं यावर उत्तर आहे आणि ते ऐकून घ्यायला हवं. घसारा निधी आटला कारण बदलीच्या कामांसाठी २०१७-१८ला ‘राष्ट्रीय रेल संरक्षा कोष’ उभारला गेला: पाच वर्षांत एक लाख कोटी. वर्षाला वीस हजार कोटी, त्यातले पंधरा हजार सरकारचे आणि पाच हजार रेल्वेने स्वतः कमावून टाकायचे. हा कोष चांगलाच होता, त्यातून पुष्कळ रूळ बदलले गेले. पण पहिल्या चार वर्षांत रेल्वेने आपल्या वाट्याच्या वीस हजार कोटींपैकी १५,७७५ कोटी टाकलेच नाहीत. या कोषातून पाय चेपणारी यंत्रं आणि क्रॉकरी घेतली गेल्याचं कॅगच्या अहवालात निघालं, तेव्हा बातम्या त्या यंत्रांच्या झाल्या. खरी बातमी ते १५,७७५ कोटी होते. म्हणजे सुरक्षिततेसाठी वेगळी पेटी केली तरी त्या पेटीत स्वतःच्या कमाईतून टाकायची पाळी आली की सगळ्यात शेवटचा नंबर तिचाच.

शिवाय ही पेटी पहिल्यांदाच काढली गेली असंही नाही. १९९८ साली न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे सुरक्षेचा आढावा घेणारी समिती नेमली गेली. थकलेल्या कामांचा डोंगर तिने दाखवला आणि २००१ला १७ हजार कोटींचा विशेष निधी निघाला. त्याचा एक भाग प्रवाशांच्या तिकिटावर अधिभार लावून गोळा झाला. जीर्ण रूळ, पूल, सिग्नल बदलले गेले. दहा वर्षं उलटली आणि २०१२ला डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने अहवाल दिला, तेव्हा गरज निघाली पाच वर्षांत एक लाख कोटींची. आणखी पाच वर्षांनी तेवढ्याच रकमेचा संरक्षा कोष आला. थकबाकी साचते, अपघात होतात, समिती बसते, निधी निघतो, थकबाकी काही अंशी फिटते आणि लगेच पुन्हा साचू लागते. कारण थकबाकी फेडण्याचे उपाय झाले, ती साचू न देण्याचा उपाय झाला नाही.

यात आपलाही हात आहे. शंभर रुपये खर्चाच्या प्रवासासाठी प्रवाशाकडून ५४ रुपयेच घेतले जातात, असं रेल्वेमंत्री संसदेत सांगतात. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या पासाचे दर पाहिले तर मुंबईकराला हे आणखीच पटावं. गरिबाला स्वस्त प्रवास मिळाला पाहिजे याबद्दल दुमत नाही. पण ती सवलत कोण देतं, हे विचारलं पाहिजे. सरकारने तिजोरीतून दिली तर ती सवलत ठरते. घसाऱ्याच्या पैशांतून दिली गेली तर ज्या गरिबाला स्वस्त तिकीट मिळालं, त्याच्याच पायाखालचा रूळ विकून ते दिलं गेलं, असा त्याचा अर्थ होतो.

पैशांचा प्रश्न निदान चर्चेत येतो. वेळेचा येतच नाही आणि माझ्या मते तोच अधिक कठीण आहे. रुळाची दुरुस्ती चालत्या गाडीखाली होत नाही. त्यासाठी तेवढ्या पट्ट्यातली वाहतूक थांबवावी लागते. यालाच रेल्वेत ब्लॉक म्हणतात. स्लीपरखालची खडी दाबून बसवणारं टॅम्पिंग मशीन घ्या. ब्लॉक मंजूर झाला की ते जवळच्या स्थानकातून निघतं, कामाच्या जागी पोचतं, काम उरकून पुन्हा स्थानकाच्या बाजूच्या मार्गावर येऊन उभं राहतं आणि मगच मार्ग मोकळा होतो. ओव्हरहेड वायरचा वीजपुरवठा बंद करायचा असेल तर तो वेळ वेगळा. कागदावर दोन तास दिसतात, हातात बरेच कमी येतात. त्यात आधीची एखादी गाडी उशिरा धावत असेल तर ब्लॉक पुढे सरकतो, आखूड होतो किंवा रद्दच होतो. ब्लॉक देणाऱ्या कंट्रोलरचं मोजमाप गाड्या वेळेवर धावल्या का, यावर होतं. प्रत्येक ब्लॉक त्याच्या तक्त्यावरचा तोटा असतो. रुळाची जबाबदारी असलेला अभियंता रोज मागतो आणि कंट्रोलर रोज नाकारतो. दोघेही आपापलं काम चोख बजावत असतात.

सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१५ला जी श्वेतपत्रिका निघाली, ती या कोंडीचं मूळ सांगते. चौसष्ट वर्षांत मार्गांची लांबी २३ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात प्रवासी वाहतूक १,६४२ टक्क्यांनी आणि मालवाहतूक १,३४४ टक्क्यांनी वाढली. मार्गांच्या १,२१९ टप्प्यांपैकी ४९२ टप्प्यांवर क्षमतेच्या शंभर टक्के किंवा त्याहून जास्त गाड्या धावत होत्या. शंभर टक्क्यांहून जास्त भरलेल्या मार्गावर दुरुस्तीचा वेळ कुठून काढणार? जिथे गाड्या जास्त तिथे झीज जास्त, आणि जिथे झीज जास्त तिथेच ब्लॉक मिळणं सर्वांत कठीण. त्यामुळे नवे मार्ग, तिसरी-चौथी मार्गिका, मालवाहतुकीसाठी वेगळे मार्ग यांवरचा खर्च निगा-विरोधी नाही. नीट वापरला तर त्याच खर्चातून जुन्या मार्गांना श्वास घ्यायला उसंत मिळू शकते. अट एवढीच की नव्या मार्गिकेमुळे मोकळा झालेला वेळ नव्या गाड्या सोडून लगेच भरून टाकायचा नाही. आजवर तो बहुधा तसाच भरला गेला आहे, कारण नवी गाडी सुरू केल्याची घोषणा करता येते, ब्लॉक दिल्याची करता येत नाही.

वेळ नाकारल्यावर काय होतं, ते उत्तर प्रदेशात खतौलीजवळ १९ ऑगस्ट २०१७ला दिसलं. संध्याकाळी रुळाचं काम चालू असलेल्या जागेवर उत्कल एक्स्प्रेस भरधाव आली आणि डबे शेजारच्या घरांवर जाऊन आदळले. २३ जण मेले. चालकाला वेग कमी करण्याची सूचना मिळालेली नव्हती, वाटेत लाल झेंडी नव्हती. मागितलेला ब्लॉक मिळाला नव्हता, अशी माहिती तेव्हा पुढे आली. ब्लॉकशिवाय रुळाला हात लावणं हा अक्षम्य गुन्हाच आहे आणि संबंधित कर्मचाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. पण दोन गाड्यांच्या मधल्या फटीत काम उरकून घ्यायची सवय त्या संध्याकाळी जन्माला आली असेल, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. वेळ मागून मिळत नाही आणि काम तर व्हायलाच हवं, अशा ठिकाणी चोरून काम करण्याची रीत पडते. बडतर्फी माणसांची झाली, रीत तशीच राहिली तर पुढची खतौली कुठे होईल एवढाच प्रश्न उरतो.

वेळेच्या बाबतीत मुंबईचा मेगाब्लॉक मला देशातल्या सगळ्यात शहाण्या प्रथांपैकी एक वाटतो. रविवारी सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी संपणारा मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, पश्चिम रेल्वेचा जम्बोब्लॉक. शनिवारच्या पेपरात त्याची चौकट असते. आपण ती वाचून कपाळाला आठ्या घालतो आणि लग्नाला, नाटकाला, पाहुण्यांकडे जायचे बेत बदलतो. लाखो लोकांच्या गैरसोयीची किंमत मोजून, पण जाहीरपणे आणि ठरलेल्या वेळी रुळांना त्यांचा वेळ दिला जातो. २०२४च्या मे अखेरीस ठाण्यात फलाट रुंद करण्यासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला गेला, तेव्हा काहूर माजलं होतं. पण काम झालं आणि फलाट रुंद झाला. मेगाब्लॉकवर चिडण्याऐवजी तो आठवड्यातून एकदाच का, देशातल्या बाकीच्या गजबजलेल्या मार्गांवर असा ठरलेला, जाहीर ब्लॉक का नाही, असं आपण विचारायला हवं.

कोकण रेल्वेने हा धडा फार महागात शिकून घेतला. १९९८च्या जानेवारीत मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हा अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण डोंगर कापून काढलेल्या त्या खोल खाचांना पहिल्या काही पावसाळ्यांत जेवढं लक्ष हवं होतं तेवढं मिळालं नाही. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच पावसाळ्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात झाला. त्यानंतर उतार कमी केले गेले, जाळ्या बसल्या, दिवसरात्र गस्त सुरू झाली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक कसोशीने पाळलं जाऊ लागलं. त्या महिन्यांत गाड्या मुद्दाम सावकाश धावतात. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर चालकाने ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही, असा दंडक आहे. कोकणात मिरग लागायच्या आत घर शाकारून घेतात, कारण पाऊस कुणाची सवड बघून येत नाही. कोकण रेल्वेने तीच समज वेळापत्रकात आणली. २०२४च्या जुलैत दिवाणखवटीजवळ बोगद्याच्या तोंडाशी माती घसरली, तेव्हा मार्ग जवळजवळ दिवसभर बंद राहिला, गाड्या रद्द झाल्या, चाकरमानी वैतागले. कुणी मेलं मात्र नाही. उशीर झाला म्हणून ओरडणाऱ्यांनी २००३ आणि २०२४चे पावसाळे शेजारी ठेवून पाहावेत.

बुलेट ट्रेनकडेही याच नजरेने बघावं. जपानची शिंकान्सेन १९६४पासून धावते आहे. रूळ सोडून किंवा टक्कर होऊन तिचा एकही प्रवासी दगावलेला नाही. ही किमया लांब नाकाच्या इंजिनाची नाही. मध्यरात्री बारा ते सकाळी सहा या वेळात त्या मार्गावर प्रवासी गाडी धावतच नाही. रोज रात्री सहा तास रूळ दुरुस्तीच्या माणसांच्या ताब्यात असतात, आणि सकाळी पहिली प्रवासी गाडी सुटण्याआधी मार्ग निर्धोक असल्याची खात्री करणारं वाहन त्यावरून जातं. ‘डॉक्टर यलो’ नावाची पिवळी तपासणी गाडी दर दहा दिवसांनी मार्ग तपासत वर्षानुवर्षं फिरत आली. आपण त्या देशाकडून गाडीचं तंत्र घेतो आहोत, कर्जही घेतो आहोत. ती रात्र घेणार आहोत का? आणि ५०८ किलोमीटरच्या नव्या मार्गासाठी ती घेणार असू, तर उरलेल्या जुन्या मार्गांसाठी तिचा निदान तुकडा तरी का घेऊ नये? निगा कशी राखायची हे आपल्याला कळत नाही असं नाही. आपण ते नव्या मार्गाला लागू करायला तयार होतो, जुन्याला नाही.

राहिला मान. सकाळी रुळावर कीमन निघतो. त्याला नेमून दिलेला काही किलोमीटरचा पट्टा असतो आणि तो त्याने रोज पायी तपासायचा असतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत झेंड्या आणि धोका दिसला तर गाडी थांबवण्यासाठी रुळावर ठेवायचे फटाके. तो सैल झालेली क्लिप ठोकून बसवतो, सांध्यावरचा ढिला बोल्ट आवळतो, खडी निसटून स्लीपर उघडा पडला असेल तर मुकादमाला सांगतो. हिवाळ्यात पहाटे पोलाद आकसतं आणि वेल्डिंगच्या जागची केसाएवढी चीर तोंड उघडते. उन्हाळ्यात भर दुपारी रूळ तापून फुगतो आणि त्याला नीट धरून ठेवलेलं नसेल तर बाजूला वाकतो. हे सगळं त्याच्या डोळ्यांना आणि हातोडीच्या आवाजाला कळतं. त्याचं काम फत्ते झालं याचा पुरावा एकच: त्या दिवशी काही घडलं नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, तिचा फोटो निघत नाही, तिच्यासाठी पदक देणंही अवघड असतं. उलट कामावर असतानाच अशी माणसं मरतात. २०२४च्या जानेवारीत वसईजवळ सिग्नलचा बिघाड दुरुस्त करायला गेलेले तीन कर्मचारी लोकलखाली सापडले. रेल्वेत सुरक्षिततेशी थेट संबंध असलेली सुमारे दहा लाख पदं आहेत. त्यांतली दीड लाखांच्या वर रिकामी असल्याचं २०२४ला माहिती अधिकारातून बाहेर आलं. रिकामी खुर्ची ऑफिसात असेल तर फाइल रखडते. रुळावरची जागा रिकामी असेल तर शेजारच्या कीमनला दोन पट्टे चालावे लागतात.

नवं तंत्रज्ञान आलं की माणसांची ही गरज संपेल, असं सांगितलं जातं. २ जून २०२३ला बालासोरजवळ तीन गाड्यांचा अपघात होऊन २९०हून जास्त माणसं गेली, तेव्हा गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ यंत्रणा असती तर वाचली असती, असा सूर लागला. चौकशीत निघालं ते निराळंच. फाटकाजवळच्या सिग्नल यंत्रणेच्या तारांची जोडणी काही वर्षांपूर्वीच्या कामात चुकली होती आणि त्या दिवशीच्या दुरुस्तीत नवी चूक घडली. त्यामुळे गाडीला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि पॉइंट मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला राहिला. वर्षभर आधी त्याच विभागात अशीच चुकीची जोडणी सापडली होती. तेव्हाच सगळीकडे तपासणी झाली असती तर हा अपघात टळला असता, असाही निष्कर्ष निघाला. ज्या सिग्नलवर ‘कवच’ने विसंबायचं, तोच खोटं बोलत असेल तर ‘कवच’ तरी काय करणार? नवी यंत्रणा निगेचं काम कमी करत नाही, ते अधिक बारीक आणि अधिक कौशल्याचं करते. वंदे भारतचंही तेच. ताशी १६० किलोमीटर धावू शकणाऱ्या या गाड्यांचा सरासरी वेग २०२०-२१ मध्ये सुमारे ८४ होता आणि २०२३-२४ला तो ७६वर आला. यातल्या काही गाड्या कोकणासारख्या अवघड मार्गांवर धावतात आणि काही ठिकाणी रुळांची कामं चालू आहेत, हा खुलासा मान्य केला तरी तात्पर्य तेच राहतं. गाडी कितीही नवी असली तरी तिचा वेग तिच्याखालचा रूळ ठरवतो.

सरकारी कारभारच असा, खासगी कंपनीला दिलं असतं तर हे झालं नसतं, असं म्हणणाऱ्यांनी इंग्लंडचं हॅटफिल्ड आठवावं. तिथे रूळ ‘रेलट्रॅक’ या खासगी कंपनीच्या हाती होते. १७ ऑक्टोबर २०००ला तडे गेलेला रूळ गाडीखाली फुटला आणि चार जण मेले. तो रूळ सदोष आहे हे आधीपासून ठाऊक होतं आणि बदलीचे रूळ आणून बाजूला टाकलेलेही होते. बसवायला मुहूर्त मिळाला नव्हता. वर्षभरात ती कंपनी कोसळली आणि रूळ पुन्हा नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेकडे गेले. सरकार रेशो सांभाळतं, कंपनी भागधारक सांभाळते. दोघांच्याही वहीत आज न केलेली दुरुस्ती ही आजची बचतच असते.

या सगळ्यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप आहे. सरकारी आकडेवारीनुसार गंभीर अपघात २०१४-१५ला १३५ होते, ते २०२४-२५ला ३१वर आले. ब्रॉडगेजवरची बिनचौकीदाराची फाटकं २०१९च्या सुरुवातीला संपली. ही छोटी गोष्ट नाही आणि ती नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण ही घट झाली कशामुळे? फाटकं हटवण्याचा ध्यास घेतला गेला, रूळ बदलायला राखीव पैसा मिळाला, म्हणून. म्हणजे हक्काचा पैसा आणि ठरलेली मुदत दिली की दुरुस्ती होते आणि जीव वाचतात, याचाच हा पुरावा आहे. जे एका कोषाच्या काळापुरतं जमलं ते कायमचं करायला हरकत काय, असं हेच आकडे विचारतात. शिवाय या आकड्यांत मुंबईच्या लोकलमधून पडून आणि रूळ ओलांडताना दरवर्षी मरणारी दोन हजारांहून जास्त माणसं येत नाहीत. ती अपघाताच्या व्याख्येतच बसत नाहीत. परळचा जिना ज्या छोट्या कामांच्या यादीत रखडला होता, त्याच यादीत ही माणसं वाचवणारे पूल, कुंपणं आणि रुंद फलाटही रखडतात.

मग करायचं काय? घसाऱ्याची रक्कम कमाईवरचा पहिला बोजा ठरवावी. मालमत्तेच्या वयावरून ती स्वतंत्र संस्थेने काढावी आणि मंत्रालयाला ती कमी करता येऊ नये. सवलतीच्या भाड्याची भरपाई केंद्राने उघडपणे अर्थसंकल्पातून करावी, म्हणजे ती रुळांच्या खिशातून जाणार नाही. दर मार्गावरचे दुरुस्तीचे तास वेळापत्रकात छापावेत, आणि ते तास मोडून गाडी सोडायची असेल तर त्याचं कारण लेखी द्यावं लागावं. काकोडकर समितीने सुचवलेलं, रेल्वे बोर्डाच्या कह्यात नसलेलं सुरक्षा प्राधिकरण आता तरी उभं करावं. आज अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, एवढं त्यांचं स्वातंत्र्य. पण अपघातानंतर चौकशी करणं वेगळं आणि अपघाताआधी असुरक्षित मार्ग बंद करण्याचा अधिकार असणं वेगळं.

यातलं काहीही आपोआप होणार नाही, कारण यातल्या कशाचंही उद्घाटन करता येत नाही. म्हणून दबाव बाहेरूनच यावा लागेल. अर्थसंकल्प मांडला गेला की नव्या गाड्या किती आणि महाराष्ट्राच्या वाट्याला काय आलं, एवढंच आपले खासदार, आपली वर्तमानपत्रं आणि आपण विचारतो. त्याऐवजी तीन आकडे मागावेत: बदलायच्या राहिलेल्या मालमत्तेची थकबाकी किती, वर्षभरात दुरुस्तीसाठी मागितलेल्या ब्लॉकच्या तासांपैकी प्रत्यक्षात मिळाले किती, आणि सुरक्षिततेच्या पदांपैकी रिकामी किती. तिन्ही आकडे रेल्वेकडे असतात. ते दरवर्षी, विभागवार, नव्या गाड्यांच्या यादीशेजारी छापायला लावले तर दुरुस्ती पुढे ढकलणं आजच्याइतकं फुकट राहणार नाही. आणि ज्या दिवशी ते महाग पडू लागेल, त्या दिवशी रूळ वेळेवर बदलण्यासाठी कुठल्याही मंत्र्याच्या सद्बुद्धीवर अवलंबून राहावं लागणार नाही.